ठिगळ वरून लावावे : बडोद्यात थोड्या पैशांत पंक पोशाख

पंक म्हणजे १९७० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पुढे आलेले बंडखोर रॉक संगीत आणि त्याच्याबरोबरचा वेश. तयार मिळणारे पंक जॅकेट विकत घेणे हा या पोशाखाकडे जाण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे आणि माझ्या अनुभवाने सर्वांत कमी टिकणाराही. काही वर्षांपूर्वी मी २,८०० रुपये देऊन असे एक काळे जॅकेट घरपोच मागवले होते. ते चामड्याचे नव्हते. चामड्यासारखा दिसणारा पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाचे, म्हणजे आपण सरसकट ज्याला रेक्झीन म्हणतो त्या जातीचे होते. उष्णता आणि दमट हवा यांनी असा थर हळूहळू विघटित होतो, आणि बडोद्यात या दोन्ही गोष्टी भरपूर आहेत. एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावर कोपरांवरून पापुद्रे सुटू लागले, आणि खांद्यांवरचे स्टड, म्हणजे शोभेची धातूची बटणे, केवळ डिंकाने चिकटवलेले असल्यामुळे ते त्याआधीच गळून गेले होते. आज मी जी बंडी घालते तिला त्या जॅकेटच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही खर्च आलेला नाही, आणि तिच्यावरचा एकही टाका अद्याप उसवलेला नाही.

ज्यांच्या हाती साधारण १,५०० रुपये आहेत, ज्यांना सुईत दोरा ओवता येतो पण शिवणकाम येते असे म्हणता येणार नाही, आणि ज्यांना डोक्यापासून पायापर्यंत एक पूर्ण पोशाख हवा आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. माझा हिशेब असा आहे: बंडीला जास्तीत जास्त २५० रुपये, पँटला १५०, बुटांना ५५०, रंग, ब्लेड आणि स्पंज यांना २००, सुई-दोरा व सेफ्टी पिनांना ८०, स्टड आणि रिव्हेट यांना १७० आणि साखळीला १००. एखादी वस्तू घरात सापडली तर तिचे पैसे बुटांकडे वळवावेत, कारण या यादीत बूट ही एकच वस्तू घरी करता येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

हा पोशाख कुठून आला हे माहीत असले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या रमोन्स या बँडची मुले चामड्याचे जॅकेट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणि साधे कॅनव्हासचे बूट घालून रंगमंचावर येत असत. त्याच शहरातला पंक गायक रिचर्ड हेल फाटके टी-शर्ट सेफ्टी पिनांनी जोडून वापरत असे. लंडनमध्ये फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि तिचा जोडीदार माल्कम मॅक्लॅरन यांच्या ४३०, किंग्ज रोड येथील दुकानाने या वेशाला नाव मिळवून दिले, पण तेथील कपडे गाणी ऐकणाऱ्या बहुतेक मुलांना परवडणारे नव्हते. त्यामुळे त्यांनी वडिलांचे जुने शर्ट, शाळेचे ब्लेझर आणि घरातल्या पिना घेऊन तेच कपडे स्वतः तयार केले. द क्लॅश या बँडने १९७६ मध्ये आपल्या शर्टांवर रंग उडवून आणि स्टेन्सिलने, म्हणजे अक्षरे कापून काढलेल्या साच्यावरून रंग लावून, घोषणा उमटवून कपडे केले, आणि १९७७ मध्ये सुरू झालेल्या क्रॅस या बँडने काळे कपडे आणि स्टेन्सिलची अक्षरे हीच आपली ओळख ठरवली. एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरीन हिने काळ्या चामड्याऐवजी भडक रंगांचे आणि प्लॅस्टिकचे कपडे घातले, आणि तीही तितकीच पंक होती. तेव्हा स्वस्तात स्वतः केलेला पोशाख हा महागड्या पोशाखाचा पर्याय नाही. मूळ पोशाख तोच आहे.

मराठी घराला यातले बरेचसे आधीपासून येते, असे मला मनापासून वाटते. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ज्या घरात आहे, त्या घरात ठिगळ लावण्याची विद्या आहेच. फरक एवढाच आहे की आपण ठिगळ लपवत आलो. मी पहिल्यांदा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बंडीवर कापडाचा तुकडा शिवायला बसले तेव्हा आजी म्हणाली, "अगं, ठिगळ आतून लावायचं असतं. वरून लावलंस तर दिसेल सगळं." मी तिला म्हटले, "आजी, ते दिसायलाच हवंय." ती थोडा वेळ बघत राहिली, आणि मग कडा आत दुमडून कोपरा कसा दाबायचा ते तिनेच मला दाखवले. या लेखातले शिवणकाम सगळे तिचे आहे.

पहिली पायरी: बंडी मिळवणे

चामड्याचे जॅकेट हा न्यूयॉर्क-लंडनच्या हवेतला कपडा आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात तो घालता येत नाही. येथे बिनबाह्यांची डेनिमची बंडी हाच पोशाखाचा पाया धरावा. ती बाराही महिने चालते, थंडीत आतून स्वेटर घालता येतो, आणि तिच्या पाठीवर रंगकामाला मोठी सपाट जागा मिळते.

सर्वांत आधी घरातली कपाटे पाहावीत. वडिलांचे, मामाचे किंवा चुलत भावाचे न वापरलेले डेनिम जॅकेट अनेक घरांत असते. न मिळाल्यास दारावर भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीला विचारावे. ती जुने कपडे घेऊन जाते, तिला चांगल्या-वाईट कापडाची उत्तम पारख असते, आणि ते कपडे पुढे शहरात कुठे विकले जातात हे तिच्याइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही. तिच्याशी घासाघीस करावी, पण फार नाही. ती आपले श्रम करून ते कापड जपते. मंगळ बाजारात नवीन जॅकेटही मिळते, मात्र त्यातले कापड पुष्कळदा पातळ आणि ताणले जाणारे असते, आणि त्यावर स्टड नीट बसत नाहीत.

जॅकेट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. खांदे आपल्या खांद्यांपेक्षा दोन बोटे रुंद असावेत, कारण बाह्या काढल्यावर बंडी आत सरकते. कापड जाड आणि न ताणणारे असावे. आणि ते सुती असावे. शेवटची गोष्ट डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आतल्या शिलाईजवळचा एक दोरा ओढून घ्यावा आणि घरी स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून जाळावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टरचा दोरा वितळतो आणि त्याचा काळा कडक मणी होतो. दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे. मिश्र कापड शिवायला चालते, मात्र त्यावर रंग काढण्याचे किंवा चढवण्याचे काम अर्धवट होते. मी एका काळ्या मिश्र पँटवर ब्लीच टाकून तासभर वाट पाहिली होती. तिच्यावर फक्त काही मळकट तपकिरी डाग उमटले.

बाह्या काढताना खांद्याच्या शिलाईवरच कात्री चालवू नये. शिलाईपासून एक बोट बाहेर कापावे, म्हणजे जोड शाबूत राहतो आणि बाहेरची कड आपोआप विसविशीत होते. कापलेल्या बाह्या टाकून देऊ नयेत. त्यांतून चार-पाच ठिगळे निघतात.

दुसरी पायरी: रंग काढणे आणि चढवणे

ही पायरी ऐच्छिक आहे, आणि घाई करणाऱ्यांनी ती सोडून द्यावी. काळ्या सुती कापडावर ब्लीचचे शिंतोडे टाकले तर ते बहुधा विटकरी किंवा नारिंगी होतात, आणि निळ्या डेनिमवर पांढरे. घरगुती ब्लीचमध्ये तेवढेच पाणी मिसळावे, आधी आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून परिणाम पाहावा, आणि हवा तेवढा रंग उतरताच कापड भरपूर पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन काढावे, नाहीतर ब्लीच धागा खात राहते. रेशीम, लोकर आणि ताणले जाणारे कापड यांच्यावर ते वापरूच नये.

येथे एक सूचना अत्यंत गांभीर्याने देत आहे. ब्लीचचे काम गच्चीवर, हातमोजे घालूनच करावे, आणि ब्लीच कधीही शौचालय साफ करण्याच्या आम्लाशी, व्हिनेगरशी किंवा अमोनिया असलेल्या द्रावणाशी एकत्र होऊ देऊ नये. आम्लाशी मिसळल्यास त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि लहानशा बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. फरशीवर आधीच आम्लाचा क्लीनर ओतलेला असेल, तर त्या दिवशी तेथे हे काम करू नये.

फिकट कपडा काळा करायचा असल्यास रंगाच्या दुकानात सुती कापडाच्या काळ्या रंगाची पुडी स्वस्तात मिळते. उकळत्या पाण्यात रंग आणि मूठभर मीठ घालून कपडा अर्धा-पाऊण तास ढवळत ठेवावा, आणि भांडे मात्र जुने, स्वयंपाकात पुन्हा न येणारे घ्यावे. पहिल्या काही धुण्यांत रंग सुटतो, तेव्हा तो कपडा वेगळा धुवावा.

तिसरी पायरी: अक्षरे

माझ्या दृष्टीने संपूर्ण पोशाखाचे मर्म या पायरीत आहे, आणि नवख्या मंडळींकडून सर्वाधिक दुर्लक्ष याच ठिकाणी होते. बहुतेक जण परदेशी बँडची नावे आणि इंग्रजी घोषणा उतरवून घेतात. आवडत्या बँडचे एखादे नाव असावे, त्यात गैर काही नाही. पण पाठीवरची मोठी जागा अशा गोष्टीसाठी राखावी जिच्याबद्दल रस्त्यात कोणी थांबवून विचारले तर आपण पाच मिनिटे मनापासून बोलू शकू. माझ्या पाठीवर एक मगर आहे आणि तिच्या वर 'विश्वामित्री' एवढाच शब्द आहे. शहराच्या मधून मगरी असलेली नदी वाहते, आपण तिच्यात सांडपाणी सोडतो, तिच्या काठावर भराव टाकतो, आणि २०२४ च्या ऑगस्टसारखा पूर आला की आपल्याला तिची आठवण होते. याचा मला राग आहे, आणि तो राग मी पाठीवर घालते. मगरीच्या पाठीवरचे खवल्यांचे काटे स्टडच्या रांगेसारखे दिसतात, हा त्यातला आणखी एक आनंद.

स्टेन्सिलसाठी जुनी एक्स-रे फिल्म सर्वोत्तम. ती कापते सहज, पाण्याने भिजत नाही आणि पन्नास वेळा वापरता येते. ती गडद असल्याने तिच्यावर रेघ दिसत नाही, म्हणून अक्षरे कागदावर काढून तो कागद फिल्मवर चिकटवावा आणि दोन्ही एकदम कटरने कापावेत. फिल्म नसल्यास प्लॅस्टिकच्या फायलीचे पुठ्ठे चालतात. अक्षराची उंची किमान तीन इंच ठेवावी आणि रेघ बोटभर जाड. बारीक अक्षर कापताना फाटते आणि दुरून वाचता येत नाही.

देवनागरीचे स्टेन्सिल रोमन अक्षरांपेक्षा अवघड असते, कारण आपल्या अक्षरांत बंद जागा अधिक आहेत आणि वरून शिरोरेखा सगळ्यांना बांधून ठेवते. बंद जागेचा तुकडा कापताना सुटून पडतो, म्हणून त्याला बाहेरच्या फिल्मशी जोडणारा लहानसा पूल ठेवावा लागतो. 'विश्वामित्री' हाच शब्द घेऊन पाहू. यात 'व' दोनदा आला आहे आणि त्याचे पोट बंद आहे, तेव्हा पोटाच्या गोलाईत डाव्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची फट न कापता सोडावी. पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीची कमान शिरोरेखेला जिथे टेकते तिथेही कमानीखालचा भाग सुटतो, म्हणून तिथे कमान शिरोरेखेपासून किंचित दूर ठेवावी. सर्वांत कसोटी 'म' या अक्षराची आहे. त्याची बंद जागा मोकळी करण्यासाठी शिरोरेखा तोडण्याचा मोह होतो, पण डावीकडची शिरोरेखा तुटली की 'म' हा 'भ' वाचला जातो, जसा 'घ' हा 'ध' होतो. 'म'चा पूल नेहमी खालच्या आडव्या रेघेत, गाठ आणि उभा दंड यांच्या मध्ये ठेवावा. शिवाय संपूर्ण शब्दाची शिरोरेखा एका लांब फटीसारखी कापली तर फिल्म लुळी पडते आणि रंग लावताना अक्षरे हलतात, म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेखेतही एक-एक पूल सोडावा. आपल्या शहरात बरेच जण गुजरातीही तितक्याच सहजतेने लिहितात. त्या लिपीला शिरोरेखा नसल्यामुळे तिचे स्टेन्सिल बरेच सोपे पडते, आणि पहिला हात बसवायला एखादा गुजराती शब्द घेणे शहाणपणाचे आहे. दुकानांचे फलक आणि वाहनांचे क्रमांक हाताने रंगवणारा पेंटर ओळखीचा असेल, तर त्याच्याजवळ अर्धा तास बसावे. हे पूल कुठे सोडायचे ते त्याच्या बोटांना पाठ असते.

अक्षरे थेट बंडीवर न रंगवता आधी काळ्या सुती तुकड्यावर रंगवावीत, म्हणजे चूक झाली तर तुकडाच जातो. जुनी काळी चादर किंवा छत्रीचे सुती कापड यासाठी चांगले. कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुठ्ठ्यावर ताणून पिनांनी बसवावे. कापडावर चालणारा पांढरा अॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ न करता बशीत घ्यावा, भांडी घासण्याच्या स्पंजचा कोरडा तुकडा त्यात टेकवून जादा रंग कागदावर टिपून टाकावा, आणि मग फिल्मवरून उभा ठोकत जावे. ब्रशने ओढू नये, कारण रंग फिल्मच्या खाली शिरतो आणि कडा फुटतात. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. पूर्ण एक दिवस वाळल्यावर कापड उलटे करून मागून गरम इस्त्री फिरवावी आणि त्यानंतर तीन दिवस ते पाण्यात घालू नये. सयाजीगंजात महाविद्यालयांच्या आसपास रंगाच्या लहान बाटल्या सुट्या मिळतात. पांढरा आणि लाल असे दोनच रंग घ्यावेत.

चिन्हांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या काळात लंडनच्या काही पंक मुलांनी केवळ धक्का देण्यासाठी नाझी चिन्ह वापरले. ते चूक होते, आणि पंकांपैकीच अनेकांनी त्याला विरोध केला. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशवादविरोधी चळवळीत पंक बँड मोठ्या संख्येने सहभागी झाले. आपल्या घरात स्वस्तिक दारावर काढतात म्हणून जुन्या छायाचित्रांतले ते चिन्ह निष्पाप वाटू शकते, पण त्या संदर्भात त्याचा अर्थ लाखोंच्या हत्येशी जोडलेला आहे. ते कुठेही उतरवू नये. वर्तुळातल्या 'ए'सारखे चिन्ह लावायचे असेल, तर अराज्यवाद म्हणजे काय हे आधी वाचून घ्यावे.

चौथी पायरी: ठिगळ शिवणे

रंगवलेल्या तुकड्याच्या चारही कडा अर्धा इंच आत दुमडून इस्त्रीने दाबाव्यात. कोपऱ्यावर कापडाचे चार थर जमतात, म्हणून दुमडण्यापूर्वी टोक तिरके कापून टाकावे. आजीने मला दाखवले ते हेच. मग ठिगळ बंडीवर ठेवून, बंडी अंगात घालून आरशात पाहावे, कारण टेबलावर मधोमध दिसणारे ठिगळ अंगावर हमखास खाली सरकलेले वाटते. जागा ठरली की पिनांनी टाचून घ्यावे.

परदेशात हे काम दात साफ करण्याच्या मेणाच्या धाग्याने करण्याची जुनी रीत आहे, कारण तो तुटत नाही. आपल्याकडे तो महाग पडतो, आणि त्याची गरजही नाही. मोची बुटांसाठी वापरतो तो जाड दोरा त्याच्याकडूनच चार-पाच वाव विकत मागावा, किंवा साधा दोरा दुहेरी घेऊन मेणबत्तीवरून दोनदा ओढावा. सुई जाड आणि लांब नाक्याची हवी, आणि डेनिममधून ती ढकलताना बोटात अंगुस्तान घालावे.

टाका कोणता, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. धावदोरा सर्वांत जलद, पण त्याचा एक धागा तुटला की ओळच्या ओळ उसवते. उलटी टीप मजबूत असते आणि ठिगळाच्या कडेपासून थोडी आत घातली तर जवळजवळ दिसत नाही. माझी पसंती काजटाक्याला आहे: तो कडेला पूर्ण वेढतो, प्रत्येक टाक्याला गाठीचा आधार असतो, आणि पांढऱ्या किंवा लाल दोऱ्याने घातला तर स्वतःच एक चौकट होतो. टाके एकसारखे आले नाहीत म्हणून उसवत बसू नये. पाठीवरचे मोठे ठिगळ असेल तर कडांखेरीज मध्येही चार-पाच ठिकाणी बारीक टाके घालावेत, नाहीतर ते फुगते. एका ठिगळाला पहिल्या वेळी दीड-दोन तास लागतात. ते दोन बैठकांत करावे, कारण डेनिम शिवताना बोटे लवकर दुखतात.

पाचवी पायरी: धातू

स्टड दोन प्रकारचे असतात. पिरॅमिडच्या आकाराच्या स्टडला मागे पाय असतात. ते कापडातून आरपार घालून आतल्या बाजूला चमच्याच्या दांड्याने किंवा पक्कडीने वाकवायचे असतात. शंकूच्या आकाराच्या स्टडला मागून स्क्रू असतो. तो बसवताना स्क्रूच्या आट्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब लावला तर तो चालता-बोलता सुटत नाही. बॅगा आणि पट्टे शिवणाऱ्या कारागिरांना विचारले तर ते आपले सामान कुठून आणतात ते सांगतात, आणि तेथे हीच वस्तू वजनावर किंवा डझनावर, इंटरनेटपेक्षा खूप कमी दरात मिळते. सुरुवातीला पन्नास पिरॅमिड पुरेत. ते डेनिमच्या जाड शिलाईवरून, खडूने समान अंतरावर खुणा करून बसवावेत, कारण तिथे कापडाचे थर अधिक असतात. आतून पायांवर कापडाची एक पट्टी शिवून टाकावी, म्हणजे ते अंगाला किंवा आतल्या शर्टाला ओरखडत नाहीत.

टोकदार शंकू केवळ खांद्यांवर असावेत. आपल्याकडे बहुतेकांचा प्रवास दुचाकीवरून होतो, आणि पाठीवर टोके असतील तर मागे बसणाऱ्याचा चेहरा त्यांच्यासमोर येतो.

साखळीसाठी हार्डवेअरच्या दुकानात जावे. तेथे ती फुटावर मिळते. गळ्यात लहान कुलूप लावायची जुनी रीत सुंदर दिसते, पण हलके कुलूप घ्यावे आणि किल्ली नेहमी खिशात असावी. पँटच्या बाजूला लोंबणारी साखळी एका वितीपेक्षा लांब ठेवू नये आणि स्कूटरवर बसण्यापूर्वी ती काढून ठेवावी. ओढणी चाकात अडकते तशीच साखळीही अडकते. आणखी एक आपल्या शहराची सोय म्हणजे नवरात्र. गरब्यासाठी मंगळ बाजारात येणारे ऑक्सिडाइज्ड दागिने, कडी, जाड बांगड्या आणि कानातले दसऱ्यानंतर बरेच स्वस्त होतात. कडेकोपरे मोडलेले नग मागितल्यास आणखी कमी दरात मिळतात, आणि त्यांचे घुंगरू व कड्या सुट्या करून बंडीवर शिवता येतात. हा काळा पडलेला धातू परदेशातल्या कोणत्याही पंकाकडे नसतो, म्हणून मला तो विशेष प्रिय आहे.

सेफ्टी पिना पितळी घ्याव्यात, त्या गंजत नाहीत. लोखंडी असतील तर पावसाळ्यापूर्वी त्यांनाही नेलपॉलिशचा हात द्यावा. पिनेने स्वतःचे कान किंवा गाल टोचण्याचा विचार मनात आणू नये. त्याने जंतुसंसर्ग होतो; न टोचता अडकवायच्या कड्या त्याच बाजारात वीस रुपयांना मिळतात.

पँट, बूट आणि केस

जुनी जीन्स घरात असतेच. ती फाडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की डेनिमचे उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. गुडघ्यावर दोन इंच अंतराने दोन आडवे काप द्यावेत आणि मधले उभे निळे धागे सुईने एकेक करून काढून टाकावेत. पांढऱ्या धाग्यांची जाळी आपोआप राहते. काप मांडीच्या शिलाईपर्यंत नेला तर बसताना पँट पूर्ण फाटते. आतून बाहीचा उरलेला तुकडा किंवा एखादे जुने छापील कापड लावले तर फट वाढत नाही, आणि ते कापड फटीतून दिसते.

डॉक्टर मार्टेन्सचे प्रसिद्ध बूट १ एप्रिल १९६० रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आले ते कामगारांचे बूट म्हणून. पोस्टमन आणि कारखान्यातले लोक ते घालत. त्यामुळे त्यांची महागडी नक्कल शोधण्यापेक्षा आपल्याकडच्या कामगारांचे बूट घेणे अधिक योग्य. मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागात सेफ्टी शूज विकणारी दुकाने असतात, आणि साध्या प्रतीचा उंच काळा जोड आपल्या ५५० रुपयांच्या मर्यादेत शोधावा. पोलादी टोपीचा बूट जड असतो, म्हणून दुकानात दहा मिनिटे चालून पाहावे आणि जाड मोज्यांसह माप घ्यावे. तेही जमत नसेल तर शाळेच्या कवायतीचे काळे कॅनव्हास बूट घालावेत आणि नाड्या लाल कराव्यात.

केसांवर या पैशांतून काहीही खर्च करू नये. न्हाव्याकडे एक बाजू बारीक करून घेणे पुरेसे आहे. अंड्याचा पांढरा बलक किंवा जेल लावून उभे केलेले केस आपल्या उन्हात दुपारपर्यंत खाली पडतात. रंग लावायचा असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून ४८ तास पाहावे, कारण काळ्या रंगांतील काही रसायनांची तीव्र अॅलर्जी असू शकते.

वापर आणि धुणे

पहिल्यांदा घालून बाहेर पडताना पूर्ण पोशाख न घालता फक्त बंडी घालावी, आणि कामाठीबागेत किंवा सुरसागरच्या काठाने तासभर फिरावे. कुठला स्टड टोचतो, कुठले ठिगळ उचलते, कुठली पिन उघडते, हे घरी कळत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारले तर पाठीवरचा शब्द त्यांना वाचून दाखवावा. बोलणे कपड्यांवरून नदीवर जाते, असा माझा अनुभव आहे. देवळात, रुग्णालयात आणि परीक्षेच्या केंद्रावर साखळ्या व टोके काढून जावे.

बंडी महिन्यातून एकदाच धुवावी. सुट्या पिना आणि साखळ्या काढून ती उलटी करावी, थंड पाण्यात थोड्या साबणाने हाताने धुवावी, रंगावर ब्रश मारू नये, आणि पिळण्याऐवजी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी. सावलीत, खांद्यांच्या आधारावर टांगून वाळवावी. पावसाळ्यात ती कपाटात बंद ठेवली तर धातू गंजतो आणि कापडावर डाग उतरतो, म्हणून आषाढ-श्रावणात ती भिंतीवर खिळ्याला उघडीच राहू द्यावी. स्टडचा एखादा पाय तुटला तर त्या भोकावर बाहीचे उरलेले एखादे ठिगळ वरून शिवावे आणि त्यावर पुढचा शब्द रंगवावा.